हेल्पर पाटा

मिरजेत, रेल्वे पुलाच्या अलीकडं,
दस्तगीर शिकलगार गाडीखाली सरपटत गेला,
टॉर्च मारला, आणि आतनंच विचारलं,
'रिकामी असताना कशी चालती?'

मी म्हटलं, भरलेल्याचं बोला.
बोअरचे रॉड, केसिंग पाइप, डिझेलचे बॅरल.
जतच्या पलीकडं, उमदीच्या माळावर
रस्ता नसतोच. बांध असतो, नाहीतर ओढा.
मागचे पाटे उताणे पडलेत,
खड्ड्यात टायर बॉडीला शिवतोय.
दोन जाड पाटे वाढवा. चार वाढवा.

तो बाहेर आला. हात पुसले.
'आधी काट्यावर जा. पुढचा एक्सल वेगळा,
मागचा वेगळा. चिठ्ठी आण, मग बोलू.'

चिठ्ठीवर मागचं वजन
माझ्या हिशेबापेक्षा सातशे किलो जास्त.
कुठनं आलं?
पेट्या उघडल्या: दोन मोडके हॅमर, जुना क्लच,
कधीचा वाकलेला रॉड,
आणि खाली, गोदडीत गुंडाळलेली
नऊ झिजलेली बिटं.

आठ भंगारात गेली.
नववं कोसारीच्या शाळेमागचं.
साडेसहाशे फूट गेलो होतो,
वर आली ती पांढरी धूळ, पोरांच्या डब्यांवर बसली.
हेडबाईंनी तरी आम्हाला पोहे दिले.
ते बिट मी परत पेटीत ठेवलं.
दस्तगीर काही बोलला नाही,
चिठ्ठीवर पेन्सिलीनं 'अधिक १२' लिहिलं.

कोल्हापुरात एकानं हवेच्या पिशव्या दाखवल्या होत्या,
गुळगुळीत पुस्तकात, रंगीत.
दस्तगीर हसला. 'उमदीच्या बाभळीला विचारलंस का?'

मग एकेक पाटा हातोडीनं वाजवत गेला.
ठण्ण. ठण्ण. ठप.
'हा तडकलाय.'
याच गावात माणसं भोपळ्याला तारा लावतात
आणि कान लावून बसतात.
हा तसाच बसला होता, ग्रीसमध्ये माखून.

'नुसते जाड घातलेस तर भरलेली झकास जाईल.
येताना गाढवागत लाथा झाडेल.
निम्मं आयुष्य तर तू रिकामाच येतोस ना?
तडकलेला बदलतो. बाकीच्यांना भट्टीत बाक देतो.
आणि वर एक हेल्पर, दोन बोटं सोडून.
रिकाम्यात तो कशालाच टेकत नाही.
भार आला की टेकतो.'

शॉकअप नवे घेतले. उधारीवर नाही,
आठ बिटांचे पैसे त्यात गेले.

रात्री रिकामी गाडी घेऊन निघालो.
कवठे महांकाळपर्यंत कान मागं ठेवून होतो.
काही नाही. बादलीसुद्धा वाजली नाही.

तिसऱ्या दिवशी, भरलेली, उमदीच्या ओढ्यात उतरलो.
पुढचं चाक गेलं, मागचं गेलं,
गाडी बसली, बसत राहिली,
मी स्टिअरिंग आवळून धरलं
आणि खालून एक आवाज आला, हलकासा,
दार कुणी हळू लावून घ्यावं तसा.

सिद्राम केबिनमध्ये झोपला होता, तोंडावर टॉवेल.
टॉवेलखालनंच म्हणाला,
'टेकला.'