पौषातला लाल दिवा

पहाटे साडेपाचला किल्ली फिरवली की
डॅशबोर्डवर तांबडं थर्मामीटर
दोन लाटांत बुडालेलं.
हर्णैला नुसता गारवा असतो,
दापोलीत मात्र दात वाजतात.
गाडी रात्रभर उघड्यावर,
आणि मी बर्फाचा डबा घेऊन
उपाशीपोटी थांबलेल्यांचं रक्त आणायला निघालेला
लॅबवाला.

आसूदचा उतार सरेपर्यंत दिवा जळायचा,
समुद्र दिसला की विझायचा.
काटा? तो कधीच चढला नाही.
तीनदा टाकीत विहिरीचं पाणी ओतलं.
चौथ्या दिवशी दिव्यावर काळी टेप चिकटवली
आणि सुखानं गेलो.

सलाउद्दीन बुरोंडकरनं नखानं टेप सोलली,
माझ्याच खिशावर लावली.
"गाडी रात्री इथंच ठेव.
तापलेलं इंजिन काय सांगणार?"

सकाळी मफलर गुंडाळून आला.
बॅटरीचा झोत टाकीमागून धरला :
खालच्या रेघेवर जेमतेम नखभर.
"थंडीत पाणीपण अंग चोरतं."
मग सॉकेट उपसला. पिनांवर हिरवट बुरा.
"हा तुझा समुद्र."
पिना घासल्या. दिवा तसाच.
तारेचा तुकडा घालून त्या जोडल्या.
दिवा गेला.
"वायर खरी, पाणी खरं.
खोटं बोलतोय तो आतला फ्लोट.
क्षारानं चिकटलाय. विहीर कुणी ओतली?"

मी गप्प.
मला पाजपंढरीची हेमलता चोगले आठवली,
संक्रांतीच्या आदल्या दिवशीची.
मशीन म्हणालं, साखर चारशे बारा.
तिचा नवरा ओट्यावरच मटकन बसला.
मी हात धुवायला लावले, पुन्हा टोचलं :
एकशे आठ.
बोटाला तिळगुळाचा पाक होता.
मशीननं चाखलं तेच सांगितलं.
तिथं मी टेप नव्हती लावली.

"फ्लोट चिपळूणहून बुधवारी येईल.
तोवर जळू दे. काट्यावर नजर ठेव.
आणि गरम असताना झाकण उघडशील तर
तोंड माझ्याकडे आणू नकोस, दवाखान्यात ने."

आज पुन्हा लागला.
बोनेट उचललं, झोत धरला, रेघ पाहिली.
बोटं बधिर झाली होती,
ती काखेत घालून थोडा वेळ
उभा राहिलो.
मग निघालो,
लाल उजेडात.