येड आणि बल

खडेबाजारच्या मागं, भंगाराच्या गाड्यावर,
कुकरची भांडी आणि सायकलच्या रिमांखाली
तोंडं भिंतीकडं करून बसले होते दोघं.
खाजेसाब म्हणाला, साडेसहाशे. जोडीचे.
एकच नेलास तर चारशे.
एकाचं काय करू?
तो म्हणाला, तेच की.

वडगावपर्यंत मांडीवर एक, पायात एक.
रिक्षावाला आरशात बघून म्हणाला,
काय घेऊन जाऊलालास मामा, कोंबड्या?

जाळी काढली तर कडेचा फोम
बोट लावताच गळाला,
ओल्या भुशासारखा चिकटला नखात.
कागदाचा कोन मात्र शाबूत. एका जागी
कुणा पोराचं बोट रुतल्याची खूण.

मी मोटारी बांधतो. उद्यमबागेत एकोणतीस वर्षं
तांब्याची तार, वेढे मोजत.
पंप, गिरणी, लेथ.
जळाल्या वासावरून सांगतो कुठलं वेटोळं गेलं.
ही मोटर निराळी.
फिरत नाही कुठं.
जागच्या जागी पुढं येते, मागं जाते,
आणि तेवढ्यालाच काम म्हणते.

मागच्या भोकात कुंभारीण माशीनं बांधलेलं घर.
मातीच्या पाच खोल्या, पाचही रिकाम्या.
पाडायच्या आधी स्क्रूड्रायव्हरनं
उगीच टकटक केली.

आत फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं
कानडीत एकेकच शब्द.
कानडी मी बसच्या पाट्यांवर शिकलो, तेवढं जमतं.
एकात लिहिलंय येड, दुसऱ्यात बल.
डावा आणि उजवा.
मराठीत वाचलं तर एक खुळा, एक ताकदीचा.
मी दिवसभर तसंच वाचत हसत होतो.

रबराची कडी कोइमतूरहून आली. नऊशे रुपये.
बायको पावती बघून काही बोलली नाही.
ती काही बोलली नाही की
मी भांडी घासतो.

कॉइल चुंबकाला घासू नये म्हणून
भोवती पातळ पट्ट्या खोचायच्या असतात.
कपाटावर आप्पांच्या छातीचा एक्स-रे होता,
मागावर चाळीस वर्षं कापसाची धूळ गिळलेली छाती.
डॉक्टरनं खिडकीकडं धरून दाखवलेला
तो पांढरा ढग टाळून
मी कडेच्या सहा पट्ट्या कापल्या.
डिंक वाळेपर्यंत एक दिवस, एक रात्र
त्यांनी कोन मधोमध धरून ठेवला.
मग ओढून काढल्या, मोजून.
सहा.

जाळीवरचं कापड चन्नव्वानं दिलं,
शेजारच्या यंत्रमागावरचा फसलेला तुकडा.
एक धागा तुटलाय, आडवी रेघ पडलीय.
रेघ खाली घे म्हणाली, कुणाला दिसत नाही.
मला दिसते.

आणि लावले, तर आवाज आला आणि नाहीही आला.
धारवाड केंद्र, रात्रीचे बाजारभाव.
डावीकडं सरकलो, बाई बोलतेय.
उजवीकडं सरकलो, बोलतेय.
मधोमध बसलो की
तिच्या आवाजातली माती कुठं जायची कोण जाणे,
नुसतं टरफल उरायचं.

दीड व्होल्टचा सेल घेतला, तारा टेकवल्या.
बल पुढं आला.
येड आत गेला.
कुणीतरी, कधीतरी, ह्याच्या तारा उलट्या जोडलेल्या.
किती वर्षं हा बिचारा
दुसऱ्याने पुढं केलेली हवा मागं ओढत होता,
दोघंही जीव तोडून,
दोघंही बरोबर,
आणि घरातला माणूस म्हणत असेल, जुनं झालंय, विकून टाक.

दोन तारा. एवढंच. लाल तिकडं, काळी इकडं.

चन्नव्वा माग बंद करून दारात उभी होती,
केसांत सुताचा फुसका.
बाजारसमितीत कांदा अठराशे, बाई म्हणाली,
मिरची, ब्याडगी, आणि आकडा सांगायच्या आधी
तिनं पान उलटलं.
कागद. अंगठा. एवढासा श्वास.
आमच्या दोघांच्या मधे, जमिनीपासून
चार फुटांवर,
जिथं काहीच ठेवलेलं नव्हतं.

चन्नव्वा म्हणाली, इन्नोम्मे.
तेवढंच, परत लाव की.

रेडिओ आहे गं, म्हटलं.
परत कसं लावू?