ताकावरही नाही

तेहेतीस वर्षं मी दुधाची फॅट काढली.
काचेची नळी, ॲसिड, गरगर फिरणारं यंत्र,
आणि नळीच्या मानेत वर येऊन बसलेला
पिवळसर, खोटं न बोलणारा थर.
साडेतीनच्या खाली गेला की शेऱ्यात एकच शब्द: परत.
मग कॅन सरपंचाचा असो की साहेबांच्या मेहुण्याचा.

आणि आता केतकी म्हणते, बाबा, दूध नको.
दही नको, तूप नको, चहा कोरा.
मी विचारलं, ताक?
ती हसली नाही. मग मीही हसलो नाही.
दुधाची तहान ताकावर भागवा, असं सांगणाऱ्या भाषेत
ताकही गेल्यावर माणसानं जायचं कुठं?

तसं तिनं मागितलं काहीच नव्हतं.
एकदा धनकवडीच्या बसमध्ये, उभ्या उभ्या,
खिडकीबाहेर बघत म्हणाली,
कॅम्पातली ती मॅकरोनी आठवते?
दर वाढदिवसाला. पांढऱ्या खोलगट बशीत, वरून भाजलेली.
ती काटा उचलायची, चीजची तार हातभर लांबायची
आणि आमचा नियम असा की
तार तुटेपर्यंत कुणी बोलायचं नाही.
एवढंच म्हणाली. मग स्वारगेट आलं.

त्या रात्री जुनी डायरी काढली. नमुना क्रमांक एक.
रविवार पेठेतला काजूतुकडा, भिजवून, बारीक वाटून.
कुंदानं पातेल्यात डोकावून विचारलं, वेलची घालू?
मग बटाटा नि गाजर. रंग हुबेहूब,
चव आजाऱ्याच्या ताटातली.
दाण्याचा कूट घातला त्या दिवशी
मॅकरोनीला उपास घडला.
कोरेगाव पार्कात एका दुकानी पिवळा भुसा मिळतो,
यीस्टचा म्हणे, डबी पाचशे साठ रुपये.
पोरगा म्हणाला, काका, डिट्टो चीज.
लागलाही तसा, थोडा.
लक्ष्मी रोडवर लांबून ओळखीचा वाटलेला माणूस
हात करून जवळ जावं तर
निघतो ना दुसराच, तसा.

काय कमी पडतंय ते शेवटी नाकानं सांगितलं.
लिंबाचा आंबटपणा धावत येतो,
दुधाचा येतो बसून बसून.
म्हणून कुंदाच्या इडलीच्या पिठातले दोन चमचे
न विचारता उचलले, काजूत कालवले,
आणि वाटी ठेवली फ्रिजच्या मागे, जिथं ऊब असते.
सकाळी झाकण काढलं. वास आला.
तेहेतीस वर्षांची नोकरी
क्षणभर त्या वाटीत उभी राहिली.

तार मात्र येईना. आठवा, नववा, दहावा नमुना.
मग चतुर्थीला साबुदाण्याची खीर ढवळताना
चमचा वर घेतला आणि खिरीनं तो सोडला नाही.
मी देव मानत नाही, पण गॅस बंद केला
आणि तसाच उभा राहिलो थोडा वेळ.

रविवारी केतकी आली बावधनहून, हेल्मेट हातात.
बशी तीच नव्हती, कशी असेल.
तिनं काटा उचलला.
तार आली. वीतभर. कुणी बोललं नाही.
मग तुटली.
हे चीज नाहीये, बाबा.
नाहीच, मी म्हणालो.
खोटं कशाला बोलू, तिसरा घास घेईपर्यंत
मी तिच्याकडे बघितलं नाही.

रात्री डायरीत भरलं:
नमुना अकरा. आंबटपणा ठीक. मीठ किंचित जास्त.
तार वीतभर. फॅट काढली नाही.
शेऱ्याच्या रकान्यात हात सवयीनं लिहून गेला: परत.
कुंदा खांद्यावरून वाचत होती.
परत म्हणजे परत पाठवलं, की परत करायचं?

आत केतकी ओट्यापाशी उभी,
उलथन्यानं पातेल्याच्या कडेची खरवड काढत होती,
लहानपणी दुधाची काढायची तशी,
कुणाला विचारत नव्हती, कुणाला देत नव्हती.