वयाचा रकाना

पॅरिशच्या दफनवहीत
वयाच्या रकान्याशी माझं पेन अडलं.
समोर रेमेजियस आणि त्याची बायको,
पिशवीत बुटांचं खोकं, वर सिव्हिलची चिठ्ठी:
अकरा आठवडे.

फादर लिगोरी शिकलेले. म्हणाले, पूर्वीचे पंडित सांगत,
मुलाच्या देहात आत्मा उतरतो चाळीसाव्या दिवशी,
मुलीच्या ऐंशीव्या.
पाप तेव्हाही पापच,
हिशेब तेवढा वेगळा.
आता म्हणतात, पहिल्या क्षणापासून माणूस माना.

मी क्लार्क. बोटं मोजत बसले.
सत्त्याहत्तर दिवस.
मुलगा असेल तर आत्मा सदतीस दिवसांचा,
मुलगी असेल तर
अजून तीन दिवस थांबायला हवं होतं.

काय होतं, मी विचारलं नाही.
त्यांनाही ठाऊक नसावं.

माझ्या वेळी फादरना कुणी बोलावलंच नाही.
माजिवड्यात, शेवग्याखाली, आईने
कोयत्याने माती उकरली, वर
फुटका पाटा ठेवला, कुत्र्यांच्या भीतीने.
म्हणाली, बातीज नाय, नाव नाय, रडू नको.
तिथे आता पुलाचा खांब आहे.
खांबाला नंबर आहे.

रेमेजियसची बायको खोक्याची दोरी
सोडत होती, पुन्हा बांधत होती.
मी लिहिलं: वय, सत्त्याहत्तर दिवस.
शाई वाळेपर्यंत कुणी उठलं नाही.

मग फादर वहीत डोकावले.
वरची एक ओळ कोरी का सोडलीस, सेव्हरिना?

म्हटलं, चुकून.