सतराव्या पानावरचा डाग

गेटवर पटवेगारनं वही पुढं केली :
नाव, गाव, कुणाकडं काम, आत आल्याची वेळ.
त्यानं आधी आडवी रेघ ओढली, पार कागदाच्या कडेपर्यंत,
थोडी टेबलावरही गेली,
मग हात न उचलता त्या रेघेला अक्षरं टांगली :
अंताजी रुद्र, कसबे हेर्ले.
पटवेगारचा मला फोन,
सर, कोणतरी आलाय, डॉक्टरवाणी लिवतोय,
तुमचाच असणार.

माझाच होता.
साडेपाच वर्षं मी त्याच्या सतरा पानांवर जगतोय.
फडनीस जेवायला गेले की
दप्तरातल्या चोरलेल्या कागदावर लिहिलेली बखर,
तिच्यातली लढाई मध्येच तुटते :
घोडे नदीत उतरलेत,
पलीकडं कुणी पोचलेलं नाही.

पागोटं काखेत मारून तो माझ्यासोबत चालला.
पुतळ्यापाशी थांबून तीन मुजरे केले,
सेल्फी काढणाऱ्या पोरी म्हणाल्या, काका, जरा बाजूला.
झाला बाजूला.
झाडीतून मोर ओरडला तेव्हा मात्र म्हणाला,
हा तेवढा ओळखीचा.

वसतिगृहामागं दोरीवर कपडे वाळत होते,
बाह्या, नाड्या, एक टॉवेल, मोजा एकच.
तो वाचू लागला. खरंच. ओठ हलत होते.
काय लिहिलंय, मी विचारलं.
अक्षर बरं आहे, म्हणाला, मजकूर नाही.

कँटीनमध्ये चहा बशीत ओतून :
तुम्हांस मुशाहिरा किती?
तासावर आहे, मी म्हटलं.
म्हणजे तास वाजला की पैसे?
तास वाजला की नव्हे, मार्च संपला की,
फाईल पुण्यात अडकली तर दिवाळीला,
कोणत्या, ते विचारू नका.
गडी एकदम खुलला.
माझेही चौदा महिने राहिलेत, म्हणाला,
त्याचा अर्ज ह्याच कचेरीत द्यायचा का?

हस्तलिखितांच्या खोलीत एसी. त्याला माझी शाल दिली.
काचेखाली सतरावं पान काढलं.
डावीकडं वर, सरदाराच्या नावावर, काळा फराटा.
ह्या फराट्यावर माझे दोन निबंध आहेत,
एक चर्चासत्र,
आणि निपाणीच्या प्राध्यापकांशी कायमचं वाकडं.
मी म्हणतो, नाव मुद्दाम पुसलं, राजकारण.
ते म्हणतात, पाणी.

अंताजी वाकला. चष्मा देऊ केला तर नको म्हणाला.
काचेवर तर्जनी ठेवली,
उचलली,
मग करंगळी ठेवली.
तीसुद्धा मोठीच होती.

तुळी, म्हणाला.
शाई ओली होती. मी वाळूची डबी आणाया उठलो होतो.
एवढंच.

वय काय होतं? मी विचारलं,
संशोधकासारखं, पेनाचं टोपण काढून.
पाचवं लागलं होतं.
त्या साली गावात देवी निघाल्या.

पान पुन्हा का नाही लिहिलं?
कागद महाग, म्हणाला.
चोरीचा कागद, त्याला महाग काय,
हे माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.
घोड्यांचं तेवढं विचारलं.
ते नदीतच आहेत, म्हणाला,
आणि शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

पाचला कुलूप लावावं लागतं.
मी वळलो तर व्हरांडा रिकामा.
पटवेगार म्हणतो, त्यांची बाहेर जायची वेळ भरायची राहिली,
तुम्हीच काहीतरी टाका.

रात्री सागरमाळच्या खोलीत लॅपटॉप उघडला.
प्रकरण तिसरं, तळटीप एकेचाळीस,
'हेतुपुरस्सर' खोडलं.
पुढं आधार लिहायचा असतो,
लेखक, साल, पृष्ठ.
करंगळी असं लिहिता येत नाही.

पुरावा म्हणाल तर एकच :
कँटीनच्या उधारीच्या वहीत माझ्या नावावर
आजच्या तारखेला दोन चहा.
निपाणीचे म्हणतील,
दोन्ही ह्यानंच प्यायले.