फेरे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सुपरवायझर म्हणून पहिल्या दिवशी
मी पागेसाहेबांसारखी ओरडले.
घसा त्यांचाच, शिव्या तेवढ्या गाळलेल्या.
बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली
तांब्याची पट्टी गुंडाळायला शिकले ती धाकात,
आणि मला वाटायचं,
ट्रान्सफॉर्मरला तेल लागतं
तसा माणसांना धाक लागतो.

हंसाबेननं मान वर केली नाही.
डावा हात उचलला फक्त, तळवा माझ्याकडे,
आणि ओठ, आवाजाशिवाय :
एकसो बेतालीस, एकसो तेतालीस.
मोजणी मोडली तर अख्खी कॉइल उलगडायची,
हे मला कुणी सांगायला हवं होतं असं नाही.
तरी मी बोलतच राहिले.
कॉइल उलगडली.
रजिस्टरात मी कारण लिहिलं, ऑपरेटरची चूक.
पुढे ते खोडलं, निळ्या शाईवर काळी,
पण पान उजेडाकडे धरलं
की वाचता येतं अजून.

आता मी थांबते.
खांबाला टेकून, चहा गार होऊ देत,
तिचा थर संपेपर्यंत.

पण रघुनंदनपाशी असं थांबून चालत नाही.
छपऱ्याचा पोरगा, एकोणिसावं लागलेलं,
मागे कुणी गप्प उभं राहिलं की त्याची बोटं थरथरतात.
त्याला सांगावं लागतं :
कागद आधा ऊपर आधा, अब पेडल, अब छोड.
माझं हिंदी रावपुऱ्यातलं, त्याचं गंगेपलीकडचं,
मध्ये ती पट्टी, दोघांनी धरलेली.
होळीनंतर एकदा म्हणाला, मॅडम, हो जाएगा.
म्हणजे, जा.
गेले. पण कपाटाच्या काचेतून
बघत होते, खोटं कशाला सांगू.

दिलावरभाईंना मी काही सांगत नाही, विचारते.
ते तपकीर काढतात, मशीनला कान लावतात,
पाच मिनिटं उत्तर नाही.
घरी कुणी एवढा वेळ घेतला असता
तर मी भाजी करपू दिली असती.

मग तो जुलैतला बुधवार.
रघुनंदनचा गमछा फिरत्या साच्यात गेला
आणि माझ्या तोंडून पागेसाहेब निघाले,
पुरते, या वेळी न गाळलेले,
अस्सल मराठीत, जी तिथं कुणालाच येत नाही.
चारही मशिनी थांबल्या.
लाल बटणावर दिलावरभाईंची मूठ.
पोराच्या गळ्याला नुसता एक लाल वळ.
मला मात्र संध्याकाळपर्यंत
आवाज नव्हता.

साहेब वारले तेव्हा मी गेले नव्हते.
कामाचं कारण सांगितलं होतं.

परवा दुपारी हंसाबेननं पेडलवरून पाय काढला.
तिला पाणी प्यायचं होतं.
खडू होता, पाटी होती,
इतकी वर्षं ती पाटीवरच लिहून जायची.
माझ्याकडे बघून म्हणाली,
बेन, याद राखजो, एकसो ओगणीस.
आणि गेली, माठाकडे, सावकाश, पदर सारखा करत.

ऑफिसातला मुलगा काही विचारायला आला.
डिस्पॅचचं, बहुतेक तातडीचं.
मी डावा हात उचलला,
तळवा त्याच्याकडे.