पेटी बाजूक सारा

पहाटेचे पाच. देवगड बंदरात
बर्फाची गाडी उलटी लागते आहे
आणि लवू तारी ट्रॉलरच्या काठावर बसून
मोबाइलवर वारा शोधतो आहे.

मे संपत आलेला. बंदीला आठ दिवस.
दोन फेऱ्या निघतील, जमलं तर तीन.
मी आंब्याच्या पेट्या गाडीत चढवायला आलेले,
म्हणून दिसलं.

आधी एक पाटी आली: परवानगी द्या.
त्याने दिली. कशाची ते कोण वाचतो,
खलाशी डिझेल ओतत असताना.
मग एक बाई नाचत आली, साबण घेऊन,
एवढ्या मोठ्याने, की जेटीवरचं कुत्रं उठून बसलं.
पाच सेकंद. चार. तीन.
लवूने तोंड फिरवून घेतलं,
परकी बाई न्हात असावी तसं.

हं, आता आकडे. वाऱ्याचे बाण, लाटांची उंची.
बुधवारपर्यंत आला होता
तेवढ्यात पान खाली घसरलं
आणि बोट टेकलं ते कर्जावर.
दोन मिनिटांत पाच लाख.
"माका नको रे बाबा," तो मोबाइलला म्हणाला, अदबीने,
दारात आलेल्याला म्हणावं तसं.
मागे आला. पुन्हा परवानगी. पुन्हा साबण.

तळाला एक पट्टी चिकटलेली, खडकाला कालव तशी,
पान वर ढकललं तरी ती तिथेच.
कोपऱ्यात फुली होती, मोहरीएवढी,
आणि लवूचं बोट जाळ्याने चिरलेलं, मिठाने सुजलेलं.
कुर्ली बिळात जावी तशी फुली
त्याच्या नखाखालून निसटायची.
एकदा तर भलतंच पान उघडलं.

मी वाकून बघितलं, मदत करावी म्हणून.
पट्टीवर माझी पेटी होती.
माझं गवत, माझा हापूस, बांगड्यांसकट माझा हात,
"थेट बागेतून", पिवळ्या अक्षरांत, उघडमीट करत.
भाच्याने नऊशे रुपयांत लावून दिलेली.
शुक्रवारचा वारा नेमका तिच्या मागे.

लवूने हात ओळखला.
हसला नाही, रागावलाही नाही.
"वयनी, तुमची पेटी जरा बाजूक सारा,
माका वारो बघूचो आसा."

बुधवारपर्यंतचं बघून तो निघाला.

घरी आल्यावर तन्मयला विचारलं,
पट्टी जरा कडेला नाही का लागत?
म्हणाला, लागते. स्वस्तही पडते.
पण तिथे कोण बघत नाही, मावशी.

आमच्या पडवीत वीस-वीस पेट्या चढतात एकावर एक,
दारातली वाट सोडून.
हे त्याला सांगायचं राहिलं.

रात्री हिशोब आला.
पाहिली: चार हजार एकशे सात जणांनी.
बोटं टेकली: एकोणतीस.
त्यातलं एक देवगडचं,
पहाटे पाच वाजून बारा मिनिटांचं.
त्या बोटाचे माझ्या खात्यातून
चार रुपये साठ पैसे कापलेले.
गिऱ्हाईक म्हणून नोंद झाली लवू तारीची,
ज्याच्या परड्यात स्वतःची दोन कलमं आहेत.

आज शुक्रवार. माड एका अंगाला झुकलेत.
लवूची बायको दोनदा येऊन विचारून गेली.
मी मोबाइल उघडते, वारा शोधते,
परवानगी देते, साबण संपायची वाट बघते,
आणि आकड्यांवर बसलेली माझीच पेटी
मला विचारते,
किती डझन पाठवू?